अनोळखी जनावराची वार्ता आणि तिची पारख

डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील लवूळ हे गाव देशाबाहेरच्या बातम्यांतही झळकले. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून उंचावर नेत आहेत, एवढीच मूळ वार्ता होती. पसरता पसरता तिला ‘सूड’ हा शब्द आणि अडीचशे हा आकडा येऊन चिकटला. वानरांना पिल्ले नेताना गावकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि वनविभागाच्या पथकाने दोन वानरे पकडलीही. मात्र अडीचशे पिल्ले कोणी मोजली आणि सूडाचा हेतू कोणी कसा ओळखला, याचे उत्तर बहुतेक बातम्यांत नव्हते. प्रत्यक्ष पाहिले काय आणि त्याला लावलेला अर्थ कोणता, हे वेगळे काढणे ही अशा वार्तांच्या पारखीतली पहिली पायरी होय, आणि ती चढायला विज्ञानालाही बराच काळ लागला.

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत, आकाशातून दगड पडतात असे सांगणाऱ्या शेतकऱ्यांना युरोपातील बहुतेक विद्वान अडाणी समजत असत. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेगल गावाच्या परिसरात दगडांचा वर्षाव झाला. त्यानंतर ज्याँ-बातिस्त बियो हा तरुण शास्त्रज्ञ तेथे गेला, गावोगाव फिरून त्याने निरनिराळ्या थरांतील लोकांचे जबाब घेतले, पडलेले दगड तपासले आणि ते कोठे कोठे पडले ते नकाशावर मांडले. प्रकरण दगडांचे असले तरी जनावरांच्या वार्तांनाही हीच रीत लागू पडते, कारण बियोने साक्षीदाराचे शिक्षण मोजले नाही, जबाब एकमेकांशी आणि जमिनीवरच्या खुणांशी जुळतात का ते पाहिले.

जाणकाराचीही चूक होते, हे काँगोतील ओकापी या प्राण्याने दाखवून दिले. अरण्यातील रहिवासी ज्या प्राण्याविषयी सांगत होते तो घोड्याच्या जातीचा असावा, अशी ब्रिटिश अधिकारी हॅरी जॉन्स्टन यांची धारणा होती. त्यामुळे रहिवाशांनी दुभंगलेल्या खुरांचे ठसे समोर दाखवले तरी त्यांनी ते मानले नाहीत. १९०१ मध्ये कातडे आणि कवट्या हाती आल्यावर हा प्राणी जिराफाच्या कुळातला निघाला. ठसे दाखवणारे बरोबर होते.

याहून बोचणारे उदाहरण आपल्या शेजारच्या खानदेशातले आहे. वनपिंगळा या घुबडाचा शेवटचा खरा नमुना १८८४ चा. पण १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळाल्याची नोंद रिचर्ड माइनर्टझागेन या नामांकित संग्राहकाच्या नावावर होती. पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातील नमुने बारकाईने तपासले, तेव्हा ही नोंद खोटी ठरली. दुसऱ्याने जमवलेला जुना पक्षी चोरून, नव्याने भरून, त्यावर बनावट चिठ्ठी लावलेली होती. ती नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे शोध वळवला गेला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ वनपिंगळा जिवंत दिसला. मला हे प्रकरण फार महत्त्वाचे वाटते, कारण संग्रहालयातील चिठ्ठी हीसुद्धा अखेर कोणाची तरी साक्षच असते आणि तीही तपासावीच लागते.

मराठवाड्यात अशा वार्ता बहुधा रात्रीच्या अंधारात जन्मतात. शेतीची वीज रात्री आली की उसाला पाणी द्यायला शेतकरी बांधावर जातो आणि बॅटरीच्या झोतात क्षणभर दोन डोळे चमकतात. आजूबाजूला मापाला काही नसले की जनावराची उंची आणि अंतर दोन्ही चुकतात. तरसाची पाठ मागे उतरती असते. त्याने मानेवरची आयाळ फुलवली की ते बरेच मोठे भासते आणि ओळखीच्या कोणत्याही जनावरासारखे वाटत नाही. २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. तशा दिवसांत प्रत्येक सळसळ बिबट्याचीच वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून सांगणाऱ्याला खोटे ठरवणे अन्यायाचे होईल. त्याने काहीतरी पाहिलेले असते. चूक शिरते ती नाव देताना, आकार सांगताना आणि पुढच्या माणसाने ते पुन्हा सांगताना.

ओल्या बांधावरचा ठसा मात्र सांगताना बदलत नाही. बिबट्या नखे आत ओढून चालतो, त्यामुळे त्याच्या ठशात ती सहसा उमटत नाहीत. तरस आणि कुत्रा यांच्या ठशांत नखांच्या खुणा दिसतात. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून बरोबर वरून फोटो घ्यावा, वेळ आणि जागा तेव्हाच लिहून ठेवावी, ज्यांनी ज्यांनी पाहिले त्यांनी आपसांत बोलण्याआधी आपापले वर्णन वेगवेगळे सांगावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वनरक्षक पोहोचेपर्यंत ठसा तुडवला जाऊ नये म्हणून त्यावर एक घमेले पालथे घालून ठेवावे.