मिश्री लावता का? खालच्या पापणीच्या शस्त्रक्रियेआधीचे प्रश्न

मावशीचा फोन आला तोच चढ्या आवाजात. "डोळ्याखालच्या पिशव्या काढायला गेले, तर हातात चार पानी फॉर्म ठेवला. मिश्री लावता का, घोरता का, शौचाला कुंथावं लागतं का! मी डोळे दाखवायला गेले होते की पोट?"

बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिला जो भेटेल तो विचारायचा, "बरं नाही का? झोप झाली नाही वाटतं?" झोप तिची उत्तम. भाजी निवडता निवडता पेंगणारी बाई ती. पण डोळ्यांखाली दोन फुगीर पिशव्या, आणि त्यामुळे चेहरा कायम दमलेला. शेवटी तिने मनाचा हिय्या केला. आता तिला हवी होती तारीख आणि खर्चाचा आकडा. मिळाले ते प्रश्न.

मी फॉर्मचे फोटो मागवून घेतले. मी वैद्यकीय विषयांवर लिहिते, त्यामुळे घरात असले कागद माझ्याकडेच येतात. वाचल्यावर लक्षात आलं की त्यात एकही प्रश्न उगीच घातलेला नाही. खालच्या पापणीला दोन बाजूंनी धोका असतो: पुढून ओढ आणि मागून रक्त. सगळे प्रश्न फिरून या दोहोंपाशीच येत होते.

आधी या पिशव्या येतात कुठून ते पाहू. पापणीची त्वचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. अख्ख्या अंगावर याहून पातळ कातडं नाही. तिच्याखाली डोळ्याभोवती कडं करून बसलेला स्नायू, त्याच्यामागे एक पातळ पडदा, आणि पडद्याच्या मागे चरबी. ही चरबी खाण्यापिण्यातून साठलेली नव्हे. हाडाच्या खोबणीत डोळ्याचा गोळा जिच्यावर टेकलेला असतो ती ही गादी, जन्मापासूनची. वय वाढलं की पडदा सैल होतो, आणि उसवलेल्या शिवणीतून कापूस डोकावावा तशी ती पुढे येते. म्हणून वजन घटवलं तरी पिशव्या जात नाहीत, आणि एखाद्या घरात आई, मुलगी, नात तिघींना त्या सारख्याच दिसतात.

खालच्या पापणीत या चरबीचे तीन कप्पे असतात. नाकाकडचा आणि मधला यांच्या बेचक्यातून डोळा फिरवणारा एक बारीक स्नायू जातो. तो दुखावला तर एकाचे दोन दिसू लागतात. 'थोडी चरबीच तर काढायची' असं म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसतं. शिवाय फार काढली तर डोळे खोल जातात आणि माणूस आणखी आजारी दिसतो. त्यामुळे आता बरेच सर्जन चरबी सगळी काढून न टाकता, तीच खाली सरकवून डोळा आणि गाल यांच्यामधली चर भरतात.

मुळात डोळ्याखाली जे दिसतंय ते चरबीच आहे का, हे घरीही बऱ्यापैकी कळतं. खिडकीच्या उजेडात आरसा धरा. मान न हलवता नजर छताकडे न्या. फुगवटा वाढला तर ती बहुधा चरबी. मग कुणाला तरी मोबाइलचा टॉर्च समोरून, थोडा खालून धरायला सांगा, डोळे मिटून घ्या आणि तसाच फोटो काढा. काळेपणा नाहीसा झाला तर ती पिशवीची सावली होती. तसाच राहिला तर तो त्वचेतला रंग किंवा खालच्या रक्तवाहिन्यांचा निळसरपणा. आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या त्वचेत हा रंग फार सर्रास आढळतो, आणि तो सुरीने जात नाही. काळी वर्तुळं जावीत म्हणून पैसे भरून बसलेल्यांची निराशा इथेच ठरलेली असते. सकाळी सूज आणि दुपारी गायब, असं असेल तर ते पाणी. त्याला रात्रीचं लोणचं-पापड कमी करणं, ॲलर्जीवर औषध घेणं असे स्वस्त उपाय आधी करून पाहावेत. कुणी आधी डोळ्याखाली फिलर (खळगा भरायचं जेलचं इंजेक्शन) भरून घेतलेलं असेल तर तेही सांगायला हवं. ते पाणी धरून ठेवतं आणि कित्येकदा वर्षानुवर्षं विरघळत नाही, मग चरबी समजून नको ते कापलं जाण्याची भीती.

आता पुढची ओढ. मावशीला सर्वात विचित्र वाटलेली तपासणी हीच. डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत खालची पापणी धरली, हलकेच पुढे ओढली आणि सोडून दिली. तरुण पापणी रबरबँडसारखी टपकन डोळ्याला चिकटते. सैल झालेली पापणी रेंगाळते, कधी डोळा मिचकावल्यावरच जागेवर जाते. सहा-आठ मिलिमीटरहून जास्त पुढे आली तर ती सैल म्हणायची. अशा पापणीतून थोडी त्वचा काढली, वर आतून व्रण आखडत गेला, की पापणी खाली ओढली जाते. बुबुळाखाली पांढरी रेघ दिसू लागते, डोळा गोल आणि घाबरलेला वाटतो, पाणी वाहत राहतं. म्हणून सैल पापणी बाहेरच्या कोपऱ्यात आवळूनही घ्यावी लागते, आणि ते आधीच ठरवावं लागतं.

त्वचा किती काढायची हे ठरवताना कित्येक सर्जन रुग्णाला वर बघायला आणि तोंड उघडायला सांगतात. करून पाहा, खालच्या पापणीवर ताण येतो तो जाणवेल. जांभई देताना जेवढी त्वचा लागते तेवढी मागे ठेवायची आणि उरलेल्यातलीच काढायची. तीही जास्त नाहीच, दोन-तीन मिलिमीटरची पट्टी. नुसती चरबी असेल आणि त्वचा ताणलेली असेल तर पापणीच्या आतल्या गुलाबी अस्तरातून काम होतं, बाहेर टाकाच पडत नाही. पॅरिसच्या ज्युलियाँ बुर्गे यांनी ही आतली वाट १९२४ च्या सुमारास मांडली होती. शस्त्रक्रियेचं 'ब्लेफरोप्लास्टी' हे नाव त्याहून जुनं, जर्मन सर्जन कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये दिलेलं. तेव्हा प्रश्न दिसण्याचा नव्हता. कर्करोगाने खाल्लेली पापणी पुन्हा उभी करायची होती.

बाजूने काढलेला फोटोही याचसाठी. डोळ्याचा गोळा गालाच्या हाडापेक्षा पुढे असेल तर पापणीला खालून आधार नसतो आणि ती घसरण्याचा धोका वाढतो. थायरॉईडच्या काही आजारांत डोळे पुढे येतात, म्हणून फॉर्ममध्ये थायरॉईडचा प्रश्न. त्यातून डोळ्यांवर परिणाम झालेला असेल तर तो काही महिने स्थिर झाल्याशिवाय सुरी लावत नाहीत.

मग अश्रू. पाच मिलिमीटर रुंदीची गाळणकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवतात आणि पाच मिनिटं तशीच ठेवतात. कागद किती मिलिमीटर भिजला ते पट्टीवरच वाचायचं. दहाच्या खाली आकडा आला की डॉक्टर सावध होतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पापणी सुजलेली असते, नीट मिटत नाही, मिचकावणं अर्धवट होतं. आधीच कोरड्या डोळ्याला हे सोसत नाही, बुबुळावर ओरखडे उठतात. चष्म्याचा नंबर घालवायची लेसर शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तरी बहुतेक डॉक्टर सहा महिने थांबायला सांगतात, कारण तिनेही डोळा कोरडा पडतो. मावशीच्या उजव्या डोळ्याची पट्टी अकरापर्यंत भिजली, डाव्याची सातवर थांबली. तिच्यासाठी हा आकडा म्हणजे गणितात नापास झाल्यासारखा होता.

मागचा धोका क्वचित येतो, पण सगळ्यात जास्त घाबरायचं ते त्यालाच. डोळ्याची खोबण म्हणजे हाडाचं नरसाळं, पुढे तोंड आणि सगळीकडे भिंत. एकूण जागा सुमारे तीस मिलिलिटर, म्हणजे सहा चमचे. त्यात डोळा, स्नायू, नस, चरबी सगळं ठासून बसलेलं. शस्त्रक्रियेनंतर आत रक्त साचायला लागलं तर ते जाणार कुठे? दाब वाढतो, दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि साधारण दीड तासात नुकसान कायमचं होऊ शकतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पापण्यांच्या दर २,००० शस्त्रक्रियांमागे एकदा असा रक्तस्राव झालेला आढळला, आणि दृष्टी कायमची गेली ती २२,००० मागे एकदा. आकडा लहान आहे, पण ज्या डोळ्याला दिसण्याचा काही त्रासच नव्हता त्या डोळ्याबद्दलचा तो आहे.

म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न फॉर्मवर सर्वात ठळक अक्षरात. ॲस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेट्सना, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशींना, कायमची निकामी करतं, आणि प्लेटलेट जगते आठ-दहा दिवस. नवी फौज तयार व्हायला तेवढा वेळ द्यावा लागतो, म्हणून गोळी आठवडा-दहा दिवस आधी थांबवतात. गंमत अशी की ॲस्पिरिन घेतोय हे अनेकांना माहीतच नसतं. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिनच. कोलेस्टेरॉलच्या काही जोड-गोळ्यांतही ते मिसळलेलं असतं. डोकं दुखलं की घेतलेल्या कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, तेही प्लेटलेट्सच्या कामात खोडा घालतं. माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्व, 'नैसर्गिक आहे हो' म्हणून घेतलेली चूर्णं, सगळं सांगायचं. भाजीतली हळद किंवा फोडणीतला लसूण याने काही होत नाही, तो वेडेपणा नको. सगळ्यात सोपं म्हणजे घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओतायची.

पण इथे एक गोष्ट मी मावशीला दोनदा सांगितली. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. हृदयात स्टेंट असलेल्याने ॲस्पिरिन परस्पर थांबवलं तर पिशवी जाईल आणि झटका येईल. हृदयाच्या डॉक्टरांनी नको म्हटलं तर शस्त्रक्रियाच नको. उलट बीपीची गोळी सहसा शस्त्रक्रियेच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते, कारण चढलेलं बीपी रक्तस्रावाला आमंत्रण देतं. खोकला, शिंका, कुंथणं यांनी डोक्यातल्या शिरांमधला दाब वाढतो. शौचाचा प्रश्न पोटाचा नव्हता, तो डोळ्याचाच होता. आणि घोरण्याचा भूलतज्ज्ञांचा. ही शस्त्रक्रिया बहुधा जागा बधिर करून आणि थोडं गुंगीचं औषध देऊन होते, त्या गुंगीत घोरणाऱ्याचा श्वास अडखळू शकतो.

एवढं सगळं ऐकून झाल्यावर मावशी म्हणाली, "आणि मिश्री?"

निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. कापलेल्या त्वचेला रक्त कमी मिळतं, जखम रेंगाळते. लोक सिगारेट तेवढी मोजतात. पण भाजलेल्या तंबाखूची पूड हिरडीवर घासली की तेच निकोटीन हिरडीतून रक्तात जातं. आधी निदान चार आठवडे आणि नंतरही काही आठवडे बंद, असं फॉर्मवर लिहिलं होतं.

पलीकडे शांतता. मग, "लावते गं. सकाळी एकदा. गावाकडे आईपासूनची सवय. बँकेत कुणाला माहीत नव्हतं."

मग कळलं, सगळ्या फॉर्ममधला नेमका हा प्रश्न तिला सगळ्यात जास्त का झोंबला होता.

पैशांचं थोडक्यात. केवळ दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही, आणि उपचारांना असलेली जीएसटीची सूटही तिला नाही, वर १८ टक्के धरायचे. सर्जन प्लास्टिक सर्जरीतला असो किंवा नेत्रतज्ज्ञ होऊन पापण्यांचं खास प्रशिक्षण घेतलेला, खालच्या पापण्या तो नेहमी करतो का, आणि रात्री दोन वाजता फोन उचलणार कोण, हे विचारायला लाजू नये. ब्यूटी क्लिनिकमध्ये 'पॅकेज' म्हणून मिळणाऱ्या पापणीबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

आदल्या रात्रीच्या सूचनांत मावशी अडली ती चहापाशी. घन अन्न सहा तास आधी बंद, पाणी दोन तास आधी. "चहा म्हणजे पाणीच की." नाही. दूध पोटात गेलं की फाटून त्याचे गोळे होतात, म्हणून दुधाचा चहा अन्नातच धरतात, सहा तास. कोरा चहा पाण्यात मोडतो. वजन किंवा शुगरसाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगायचं, त्याने पोट सावकाश रिकामं होतं. काजळ काही दिवस आधीपासून बंद, त्याचे कण जखमेत नकोत. नेलपेंट काढायचं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागतो. मंगळसूत्र, कुड्या घरी.

घरची तयारीही आधीच करायची. पलंगावर दोन-तीन उशा, कारण पहिले काही दिवस डोकं उंच ठेवून झोपायचं. फ्रीजरमध्ये मटारची छोटी पाकिटं, रुमालात गुंडाळून गार शेक द्यायला. कृत्रिम अश्रूंची बाटली, आणि डोळ्यांत थेंब घालण्याची सवय आधीच. वाकून केर काढणं, नातवाला उचलणं बंद. टाके पाच ते सात दिवसांत निघतात, काळंनिळं उतरायला दोन आठवडे लागतात, म्हणून लग्नकार्य त्या पलीकडचं धरायचं. पहिल्या रात्री सोबत कुणीतरी हवंच. डोळ्यांवर सहसा पट्टी बांधत नाहीत, ती नजर तपासता यावी म्हणून. सोबतच्या माणसाने अधूनमधून एकेक डोळा झाकायला सांगून भिंतीवरच्या कालनिर्णयमधल्या तारखा वाचून घ्यायच्या. एकाच डोळ्यात वाढत जाणारी कळ, टणक होत जाणारी सूज किंवा अंधुक दिसणं, यातलं काहीही आलं तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय.

मावशीची तारीख अजून पडलेली नाही. डाव्या डोळ्यातल्या त्या सात मिलिमीटरमुळे डॉक्टरांनी दोन महिने थेंब दिलेत, मग पुन्हा पट्टी लावून पाहणार. मिश्रीची डबी तिने माळ्यावर टाकली म्हणते. मी चढून पाहिलेलं नाही.