खोलीतली तिजोरी वेगळी, काउंटरची तिजोरी वेगळी

परदेशी निघालेल्या ग्रुपची बैठक जळगावला असो, धुळ्याला असो की चोपड्याला, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हॉटेलात तिजोरी असतेच ना, मग दोन दागिने नेले तर काय बिघडलं?" नाना म्हणतात, काकू म्हणतात, आणि ज्यांची ही तिसरी-चौथी वारी आहे तेही म्हणतात. तिकडून घरी फोन येतो तो अहिराणीत, "सोनं तिजोरीमा शे", आणि इकडचे निश्चिंत होतात. या निश्चिंतपणाची मला खरंच काळजी वाटते. हॉटेलात दोन तिजोऱ्या असतात. एक तुमच्या खोलीत, कपाटाच्या आत. दुसरी रिसेप्शनच्या मागे, हॉटेलच्या ताब्यात. वस्तू गेली तर या दोन तिजोऱ्यांचा निकाल अगदी वेगळा लागतो, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं.

खोलीतली तिजोरी सगळ्यांनी वापरलेली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल थोडक्यात. चार ते सहा आकडी कोड आपणच टाकायचा, दार लावायचं, हिरवा दिवा लागला की झालं. कोड विसरणारे पाहुणे प्रत्येक हॉटेलात असतात, म्हणून हॉटेलकडे ती उघडायची दुसरी सोय असतेच: मास्टर कोड, आपत्कालीन किल्ली किंवा हातात धरायचं छोटं यंत्र. यात गैर काही नाही, त्याशिवाय त्यांचं काम चालणार नाही. पण "कोड फक्त मलाच माहीत आहे" म्हणजे "फक्त मीच उघडू शकतो" असं नव्हे. काही ठिकाणी कारखान्यातून आलेला मास्टर कोडही कुणी बदललेला नसतो. खोलीत गेल्यावर एवढंच करा: तिजोरी दोन्ही हातांनी धरून ओढून पाहा. ती कपाटाला किंवा भिंतीला बोल्टने पक्की नसेल, तर ती नुसती पेटी आहे. आख्खी उचलून पिशवीत घालता येते. आणि कोड म्हणून खोलीचा नंबर किंवा जन्मसाल टाकू नका. जन्मसाल पासपोर्टवर छापलेलं असतं आणि पासपोर्टची प्रत काउंटरवर असते.

काउंटरच्या तिजोरीचे दोन प्रकार दिसतात. मोठ्या हॉटेलात बँकेसारखे छोटे कप्पे असतात, दोन किल्ल्यांचे: एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे. लहान हॉटेलात एकच मोठी तिजोरी असते. तुमची वस्तू पाकिटात घालून आत ठेवतात आणि पावती देतात. आकार, कोड की किल्ली, लॅपटॉप मावतो की नाही, एका तिजोरीसाठी खाली उतरावं लागतं, दुसरीसाठी नाही, असले फरक दोन मिनिटांत कळतात. त्यांच्यावर मी वेळ घालवणार नाही.

माणसं चुकतात ती ताब्याच्या प्रश्नावर. वस्तू कोणाच्या ताब्यात होती?

खोलीतल्या तिजोरीत ठेवलेली वस्तू तुम्ही हॉटेलला दिलेली नसते. ती तुमच्याच ताब्यात असते, फक्त त्यांच्या खोलीत. आत काय आहे, किती आहे, मुळात काही होतं का, हे हॉटेलला माहीत नसतं आणि तुम्हाला सिद्ध करता येत नाही. काउंटरवर दिलेली वस्तू हॉटेलने स्वीकारलेली असते. त्या क्षणापासून ती सांभाळणं हे त्यांचं काम होतं, आणि बहुतेक देशांचा कायदा जबाबदारीची रेघ इथेच ओढतो.

आपल्याकडचा बँक लॉकर आठवा. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. भाडं २,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त दोन लाख. लॉकरमध्ये वीस तोळे होते की रिकामा डबा, हे बँकेला माहीत नसतं, म्हणून रक्कम भाड्याशी बांधलेली. सराफ बाजारात आयुष्य गेलेल्या माणसांनासुद्धा हे सांगितलं की धक्का बसतो. हॉटेलच्या खोलीचं गणित साधारण याच धर्तीचं आहे, फक्त त्यातला आकडा फार लहान आहे.

जर्मनी घ्या. तिथल्या नागरी संहितेनुसार पाहुण्याने हॉटेलात आणलेल्या वस्तूंसाठी हॉटेलवाला खोलीच्या एका दिवसाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंत जबाबदार असतो, किमान ६०० युरो आणि कमाल ३,५०० युरो. पण पैसे, रोखे आणि मौल्यवान वस्तूंसाठी ही कमाल मर्यादा ८०० युरोच आहे. आठशे युरोत आजच्या भावाने तोळाभर सोनंही येत नाही. आता दुसरी बाजू पाहा: तीच वस्तू हॉटेलने सांभाळायला घेतली असेल, तर ही मर्यादा उरतच नाही. इतकंच नाही, हॉटेलने ती घ्यायला विनाकारण नकार दिला असेल तरीही मर्यादा उरत नाही. पैसे आणि दागिने सांभाळायला घेणं त्यांना बंधनकारक आहे. वस्तू धोकादायक असेल किंवा हॉटेलच्या दर्जाच्या मानाने फारच किमती किंवा अवजड असेल, तरच ते नाही म्हणू शकतात. बंद किंवा सीलबंद पाकिटात द्या, असं मात्र ते सांगू शकतात. मर्यादा उठायचा आणखी एक मार्ग म्हणजे हॉटेलचा किंवा त्यांच्या माणसांचा दोष दाखवणं. पण तो परदेशात, आठ दिवसांच्या सहलीत, भाषा येत नसताना कसा दाखवणार?

इटली आणि फ्रान्समध्येही साचा हाच: खोलीत ठेवलेल्या वस्तूंसाठी दिवसाच्या भाड्याच्या १०० पट, आणि हॉटेलच्या स्वाधीन केलेल्या वस्तूंसाठी मर्यादा नाही. या मांडणीमागे युरोप परिषदेचा १९६२ चा पॅरिसचा करार आहे, म्हणून युरोपात देश बदलला तरी तत्त्व फारसं बदलत नाही. इंग्लंडमध्ये १९५६ चा हॉटेलमालकांचा कायदा आहे. तिथली मर्यादा वाचून डोळे उघडतील: एका वस्तूला ५० पौंड, एका पाहुण्याला एकूण १०० पौंड. अट एवढीच की तशी सूचना हॉटेलने रिसेप्शनपाशी किंवा दाराजवळ ठळक दिसेल अशी लावलेली हवी. वस्तू सांभाळायला दिली असेल तर तिथेही ही मर्यादा लागत नाही.

आपल्या भागातून सगळ्यात जास्त माणसं जातात तिथलं पाहू. थायलंडच्या दिवाणी व व्यापारी संहितेत पैसे, दागिने अशा किमती वस्तूंसाठी हॉटेलची जबाबदारी ५,००० बातपर्यंतच आहे, पाहुण्याने ती वस्तू किंमत स्पष्ट सांगून हॉटेलकडे ठेवली असेल तरच त्यापुढे. "किंमत स्पष्ट सांगून" हे शब्द नीट लक्षात ठेवा. जपानचा व्यापारी कायदाही हेच मागतो: वस्तू कोणती आणि तिची किंमत किती, हे सांगून ठेवली नसेल तर महागड्या वस्तूसाठी हॉटेल जबाबदार नाही. म्हणजे पाकीट नुसतं काउंटरवर सरकवून "जरा ठेवा" म्हणणं पुरत नाही. आपल्या माणसांना किंमत सांगायची भीती वाटते, "कशाला आपलं सोनं उघड करा" असं वाटतं. मी समजू शकते, पण न सांगता ठेवणं हा दोन्हीकडून तोटा आहे: वस्तू दुसऱ्याच्या हातात गेली आणि जबाबदारी तुमच्याकडेच राहिली.

अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात आणि तिथे काउंटरची तिजोरीही अमर्याद कवच नाही. न्यूयॉर्कमध्ये हॉटेलने तिजोरीची सोय केली असेल, तशी सूचना लावली असेल आणि तुम्ही वस्तू तिथे दिली नसेल, तर हॉटेलची जबाबदारी नाही. दिली असेल तरी १,५०० डॉलरपर्यंतच, जास्तीसाठी वेगळा लेखी करार लागतो. मुलाकडे जाताना मध्ये दोन रात्री न्यूयॉर्कला राहणाऱ्या आईवडिलांनी हे आधी वाचावं.

आता द्यायचं कसं. हॉटेल ठरवतानाच मेल करून विचारा: काउंटरला तिजोरी आहे का, पावती देता का, रात्री कोण उघडतं? पाकिटात काय आहे ते कागदावर लिहा, फोटो काढा, पाकीट चिकटवून त्या जोडावर सही करा. पावतीवर वस्तू, अंदाजे किंमत, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव हवं. पावती न देणाऱ्या हॉटेलात मी कोणालाही वस्तू ठेवू देत नाही, मग माणूस कितीही गोड बोलो. टेबलाचा खण ही तिजोरी नव्हे, वस्तू कुठे ठेवतात ते डोळ्यांनी पाहा. आणि जिथे ग्रुपची सर्वात जास्त धांदल होते ते म्हणजे पहाटेचं विमान. काउंटरची तिजोरी उघडणारा मॅनेजर किंवा कॅशियर पहाटे साडेतीनला हजर असेलच असं नाही. आदल्या संध्याकाळी वस्तू परत घ्या. बस दारात उभी, विमान सुटायला आलेलं आणि किल्लीवाला घरी झोपलेला, हा प्रसंग टाळता येण्यासारखा आहे.

चेक-इनच्या कार्डावर न वाचता सही करण्याची आपली सवय मला अजिबात पटत नाही. थायलंडच्या कायद्यात हॉटेलने भिंतीवर नुसती "आम्ही जबाबदार नाही" अशी पाटी लावली तर ती चालत नाही, पाहुण्याने स्पष्ट मान्य केलं असेल तरच चालते. त्या कार्डावरची तुमची सही हीच ती मान्यता ठरू शकते. आणि वस्तू गेली असं लक्षात आलं की त्याच क्षणी हॉटेलला सांगा. जर्मनीत आणि थायलंडमध्ये उशीर केला तर खोलीतल्या वस्तूचा हक्कच जाऊ शकतो. पोलिसांची तक्रारही त्याच दिवशी. प्रवास विम्याला ती लागते. विम्याबद्दलही भ्रम नको: बऱ्याच पॉलिसींत रोकड आणि दागिने वगळलेले असतात. ते कलम निघण्याआधी वाचा. मात्र खोली साफ करणाऱ्या बाईवर पहिला संशय घेऊ नका. अर्ध्या वेळा वस्तू बॅगेच्या अस्तरात सापडते, आणि तोवर त्या बाईची नोकरी पणाला लागलेली असते.

मग खोलीतली तिजोरी निरुपयोगी का? नाही. साफसफाईच्या वेळी दार उघडं असतं, जाता-येता कोणी हात घालू शकतो. त्यापासून ती वाचवते. दुसरं कार्ड, दिवसभराला न लागणारे डॉलर, जादा फोन, घराच्या किल्ल्या, हे तिच्यात ठेवा. गेलं तर चडफड होईल पण सहल मोडणार नाही, अशा वस्तूंसाठी ती आहे. निघताना विसरू नये म्हणून एक चप्पल आत ठेवण्याची युक्ती मला आवडते.

सोन्याबद्दल माझं मत पक्कं आहे: नेऊ नका. गोफ, पाटल्या, चपलाहार जळगावच्या लॉकरमध्येच राहू द्या. मंगळसूत्र घालायचंच असेल तर अंगावरचं अंगावर ठेवा, आंघोळीलाही खोलीत काढून ठेवू नका. लग्नासाठी वगैरे नेणं भागच असेल, तर जाताना मुंबईच्या विमानतळावर कस्टम्सला दागिने दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परत येताना तेच दागिने नवे समजून शुल्क मागितलं जाणार नाही. त्यासाठी वेळ लागतो, भुसावळहून गाडी तशी लवकरची पकडा. याच प्रमाणपत्रावर वजन आणि वर्णन असतं, त्यामुळे काउंटरवर किंमत सांगतानाही ते कामी येतं.

पासपोर्टचं वेगळं. चेक-इनला हॉटेल तो पाहतं, नोंद करतं, प्रत काढतं, इथपर्यंत ठीक. पण "चेक-आउटपर्यंत आमच्याकडे राहू द्या" असं म्हणालं तर देऊ नका, रोख अनामत द्या. काउंटरच्या तिजोरीत तुम्ही होऊन पावती घेऊन ठेवणं आणि त्यांनी तारण म्हणून ठेवून घेणं यात फरक आहे. जपानमध्ये मात्र दोन्ही नकोत, खोलीतली तिजोरीही नको. तिथे परदेशी पर्यटकाने पासपोर्ट कायम जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे आतल्या खिशात ठेवा आणि प्रत बॅगेत.

भाड्याच्या घरात किंवा होमस्टेत राहणार असाल तर यातलं जवळपास काहीच लागू होत नाही. इंग्लंडचा १९५६ चा कायदा त्याच्या व्याख्येत बसणाऱ्या हॉटेललाच लागतो, कोणाच्या घरातल्या खोलीला नाही. अशा ठिकाणी काउंटर नसतो, पावती नसते, मालक बऱ्याचदा दुसऱ्या गावी असतो आणि घराच्या किल्लीच्या किती प्रती फिरताहेत हे कोणालाच नीट माहीत नसतं. तिथे कपाटात तिजोरी दिसली तर आधी तिला धरून ओढून पाहा, आणि हॉस्टेल असेल तर लॉकरसाठी स्वतःचं कुलूप घरूनच न्या.