मुलांचा हार्नेस आणि कमरेचं हाड

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतले, तर फार तर बाह्या दुमडाव्या लागतात. क्लायंबिंगचा हार्नेस, म्हणजे दोराला बांधून घेण्यासाठी अंगावर चढवायचे पट्टे, तसा घेतला, तर मूल उलटं झाल्यावर त्यातून निसटू शकतं. तरी खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न असतो तो वयाचा. वयावरून हार्नेसबद्दल फारसं काही कळत नाही. बघावं लागतं ते कमरेचं हाड.

मोठी माणसं वापरतात तो सीट हार्नेस म्हणजे एक कंबरपट्टा आणि दोन मांडीपट्टे. कंबरपट्टा कटीच्या हाडांच्या वर, जिथे अंग सगळ्यात बारीक असतं, तिथे आवळतात. पडताना माणूस डोकं खाली, पाय वर असा झाला, तर त्याचं शरीर पट्ट्यातून निसटू पाहतं. त्याला अडवतात ती खाली रुंद होत गेलेली कटीची हाडं. लहान मुलांमध्ये नेमकी ही रुंदीच आलेली नसते. कंबर आणि नितंब यांचा घेर जवळपास सारखाच, वर पोट थोडं पुढे आलेलं. पट्टा कितीही आवळला, तरी दोन्ही हातांनी खाली ओढला की सरकत जातो. पाहणी करायची ती हीच: पट्टा आवळा आणि जोर लावून खाली ओढा. नितंबांवरून उतरला, तर त्या मुलाला नुसता सीट हार्नेस नको.

त्यात मुलांचं डोकं जड. नवजात बाळाचं डोकं म्हणजे त्याच्या लांबीचा साधारण पाव भाग, प्रौढ माणसात तेच सातवा किंवा आठवा हिस्सा. साहजिकच लहान मुलाचा गुरुत्वमध्य तुलनेने वर असतो. दोर कमरेशी बांधलेला आणि वजन त्याच्या वर, अशी स्थिती आली की शरीर उलटं व्हायला बघतं. खांद्यांवरूनही पट्टे जाणाऱ्या फुल बॉडी हार्नेसमध्ये दोर छातीच्या हाडाशी, म्हणजे गुरुत्वमध्याच्या वर बांधला जातो, त्यामुळे मूल आपोआप सरळ लटकतं. मात्र खांद्याचे पट्टे ढिले राहिले, तर बांधणीची जागा पोटावर उतरते आणि सगळा फायदा वाया जातो. जाड जॅकेटवर हार्नेस चढवला की हेच होतं. नुसत्या छातीच्या पट्ट्याला मात्र कधीही लटकवू नये. सगळा भार फासळ्यांवर येतो आणि श्वास कोंडतो.

युरोपच्या ईएन १२२७७ या मानकात ४० किलोपर्यंतच्या व्यक्तींसाठी फुल बॉडी हार्नेसचा वेगळा प्रकार आहे, टाइप बी. त्याची चाचणी १० किलोन्यूटन ताणाने होते, म्हणजे ढोबळमानाने एक टन वजन टांगल्यासारखी. मोठ्यांच्या सीट हार्नेसला, टाइप सीला, १५ किलोन्यूटन सोसावे लागतात. मुलांचा आकडा कमी दिसला म्हणून बिचकू नका. ताकद दोन्हींत गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. लेबल जरूर वाचा, पण मूल त्यातून निसटेल का, हे लेबल सांगत नाही.

झटक्याचा हिशेब मात्र मजेशीर आहे. एकेरी, म्हणजे एकच दोर बांधून वापरायच्या डायनॅमिक (झटक्याने ताणल्या जाणाऱ्या) दोरांची चाचणी ८० किलोच्या वजनाने होते. मोठ्या झटक्यात दोरावरचा ताण साधारण वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे २० किलोच्या मुलाचं वजन एक चतुर्थांश असलं, तरी ताण निम्माच होतो. चौथाई वजनावर निम्मा ताण, म्हणजे शरीराला बसणारा झटका जवळपास दुप्पट! हलक्या मुलाला तोच दोर कडक लागतो. शिवाय बिले देणारा, म्हणजे दोराचं दुसरं टोक सांभाळणारा, वजनाने तिप्पट-चौपट असला, तर तो जागचा हलत नाही आणि तेवढीही सूट मिळत नाही. वरून दोर लावून चढताना पडणं थोडंसंच असतं, म्हणून हे जाणवत नाही. मूल लीड करू लागलं, म्हणजे दोर खालून सोबत नेत चढू लागलं, की जाणवतं. मऊ फोमच्या गाद्यांनी हा झटका कमी होत नाही. त्या आरामासाठी असतात, भार आतला विणलेला पट्टा घेतो.

अंगावर चढवून उभ्या-उभ्या बघण्यात अर्थ नाही. जमिनीपासून फूटभर उंचीवर लटकवून बघा. मूल सरळ राहतंय का, मांडीपट्टे जांघेत रुततात का, गाठ हनुवटीला लागते का? हात धरून हळूच मागे झुकवा आणि पट्टे कुठे सरकतात ते बघा. छातीपाशी दोन लूप असतील, तर उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे दोर दोन्हींतून गेलेला हवा, एकातून नाही. बकलमधून बाहेर येणारी पट्ट्याची शेपटी पुरेशी लांब उरायला हवी, आणि ती मुलाच्या बोटांना खेळणं वाटू नये. मुलं बकलशी खेळतातच.

ताईचा हार्नेस धाकट्याला द्यायचा असेल, तर आधी आतल्या लेबलवरची निर्मितीची तारीख वाचा. नायलॉन उन्हाने कमकुवत होतो आणि आम्लाचा नुसता स्पर्शही त्याला पुरतो. यातलं बरंचसं डोळ्यांना दिसत नाही. बरेच उत्पादक कपाटात पडून असलेल्या हार्नेसलाही जास्तीत जास्त १० वर्षांचीच मुदत देतात. लेबल पुसलेलं असेल, तर तो हार्नेस वापरातून काढून टाका, आणि टाकण्याआधी पट्टे कापा, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही.