डोळ्यावर फोकस, धार कल्ल्यावर

संध्याकाळी खिडकीपाशी पेपर वाचत बसलेल्या वडिलांचे मी दोन फोटो काढले. फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा, ३५ मिमीची एफ/१.४ लेन्स, अंतर ७० सेंटिमीटर. पूर्ण उघड्या लेन्सवर पापणीचा केस न् केस दिसला. मग ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, बारीक करून एफ/२.८ वर दुसरा. त्यात डोळे मऊ आणि कल्ल्यावरचे पांढरे केस लख्ख! ॲपर्चर बारीक केलं की धार वाढतेच, असं आपण धरून चालतो. अशा वेळी कॅमेरा दुरुस्तीला नेतात, पण बिघाड बहुधा कॅमेऱ्यात नसतोच.

गोलाकार पृष्ठाची काच कडेच्या किरणांना मधल्या किरणांपेक्षा जास्त वाकवते. कडेचे किरण लेन्सच्या जवळ एकत्र येतात, मधले जरा मागे. हे गोलीय विपथन. लेन्स जितकी उघडी, तितका कडेच्या किरणांचा वाटा मोठा, म्हणून एफ/१.४ ला फोकस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी ठरतो. ॲपर्चर मिटलं की कडेचे किरण अडतात, उरतात मधले, आणि फोकस मागे सरकतो. समोरच्या माणसावर पाहिलं तर धारेचं प्रतल कॅमेऱ्यापासून लांब जातं. एफ/१.४ ला ७० सेंटिमीटरवर जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची पट्टी स्पष्ट येते. एफ/२.८ ला ती दुप्पट होते खरी, पण तोवर तिचा मध्यच हललेला असतो. एफ/५.६ ला पट्टी एवढी रुंदावते की हे सरकणं तिच्यात लपून जातं.

एसएलआर कॅमेऱ्यात ॲपर्चर मिटवून लेन्समधून निदान पाहता येतं. रेंजफाइंडर लेन्समधून बघतच नाही. लेन्सच्या मागची कडा कॅमेऱ्यातला एक दांडा ढकलते आणि व्ह्यूफाइंडरच्या खिडकीत दोन प्रतिमा जुळतात. त्या दांड्याला ॲपर्चरचा पत्ताच नसतो.

लेन्सांची तुलना करताना म्हणून मी आधी काचेच्या पृष्ठांचा आकार विचारतो. १९६१ च्या सुमाराची लायका कंपनीची ३५ मिमी एफ/१.४ समिलक्स सगळी गोलाकार पृष्ठांची, चिमुकली. उघडी ठेवली की दिव्यांभोवती धूसर प्रभा येते. तिला ‘जर्मन काचेची जादू’ म्हणून चढ्या भावात विकतात. ती लेन्स कॅनडातल्या मिडलंडमध्ये वॉल्टर मँडलर यांनी घडवली, आणि ती प्रभा म्हणजे दुरुस्त न झालेलं विपथन. आवडत असेल तर जरूर घ्या, पण जादूचे पैसे देऊ नका. १९९० मध्ये समिलक्समध्ये अगोलीय, म्हणजे गोलापेक्षा वेगळ्या वळणाची, पृष्ठं आली, तरी जवळच्या अंतरावर सरकणं थोडं उरलंच. २०१० च्या आवृत्तीत फोकसबरोबर मागचा काचगट वेगळा हलू लागला, तेव्हा ते बरंच आटोक्यात आलं. फोक्टलेंडर कंपनीच्या २००३ च्या ३५ मिमी एफ/१.२ नॉक्टनमध्येही अगोलीय पृष्ठं आहेत, पण ती एवढी जाडजूड की व्ह्यूफाइंडरचा कोपरा झाकते.

जुन्या धाटणीची लेन्स घेतलीत तर एक फूटपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवा, १५ च्या रेघेवर फोकस करा आणि एफ/१.४, २, २.८, ४ असे चार फोटो काढा. निगेटिव्ह भिंगाखाली धरून धार कितव्या रेघेवर गेली ते टिपून ठेवा. माझ्या लेन्सची धार एफ/२.८ ला साधारण तीन सेंटिमीटर मागे जाते. म्हणून आता मी डोळ्यावर प्रतिमा जुळवतो, श्वास धरतो, तेवढाच मागे झुकतो आणि मग बटण दाबतो.