पाणीपुरवठा व मलनिस्सारण सेवा (पुणे परिसर)

धरणातून पाणी उचलणे, शुद्ध करून घरोघर पोचवणे, वापरून झालेले मैलापाणी गोळा करणे, त्यावर प्रक्रिया करून ते नदीत किंवा शेतीच्या कालव्यात परत सोडणे, अशी ही सलग सेवा आहे. पुण्यात ती महापालिका चालवते. धरणे आणि कालवे जलसंपदा विभागाकडे आहेत, तर पाण्याचे ठोक दर आणि वापराचे हक्क यांवर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचे (स्थापना २००५) नियंत्रण असते. कागदावर पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण ही दोन खाती असली तरी पाणी तेच असते. म्हणून धरणावर उचललेले पाणी नदीत परत जाईपर्यंत एकाच वहीत मोजले जाते का, यावरून ही सेवा जबाबदारीने चालते की नाही ते कळते.

पाण्याचा वाटा

पुण्याचे पाणी मुख्यतः खडकवासला (१.९७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट), पानशेत (१०.६५), वरसगाव (१२.८२) आणि टेमघर (३.७१) या चार धरणांतून येते. भामा-आसखेड धरणाचे पाणी शहराच्या पूर्व भागाला मिळते. चार धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी आहे, पण ती एकट्या शहराची नाही. मुठा उजव्या कालव्यातून याच पाण्यावर हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांची शेती चालते. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत उन्हाळी आवर्तने (कालव्यातून पाणी सोडण्याच्या पाळ्या) ठरतात तेव्हा शहराने किती उचलले, हा प्रश्न दरवर्षी तापतो, आणि तो रास्तही आहे. १ टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. वर्षभर सारखे वापरले तर रोजचे ७.७६ कोटी लिटर. शहरात तेवढी गळती असेल, तर तेवढे पाणी कालव्याच्या शेपटाकडच्या शेतापर्यंत पोचत नाही.

शहराला धरणाच्या पाण्याआधीही नळाची व्यवस्था होती. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून दगडी बांधकामाचा नळ शनिवारवाड्यापर्यंत आणला गेला. वाटेत ठिकठिकाणी बांधलेल्या उच्छ्वासांमुळे हवा सुटे, गाळ खाली बसे आणि माणसाला उतरून नळ साफ करता येई. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे त्या व्यवस्थेचीच आठवण आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले. एकाच स्रोतावर उभा असलेला शहराचा पुरवठा त्या दिवशी तुटला. आजही पर्यायी वीजजोडणी, दुसरा उपसा मार्ग आणि पंपांची राखीव जोडी यांना ‘अनावश्यक खर्च’ म्हणून कात्री लावताना ही तारीख आठवावी.

उघड्या कालव्यातून पिण्याचे पाणी आणण्यात बाष्पीभवन, चोरी आणि प्रदूषण ही जोखीम कायमची असते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ मुठा कालव्याची भिंत फुटली आणि वस्तीत पाणी शिरले. बंद नळ हा त्यावरचा तांत्रिक उपाय खरा, पण तो शेतकऱ्यांच्या संमतीशिवाय लादता येत नाही. पवना धरणाच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पोलिसांच्या गोळीबारात तीन जणांचा बळी गेला.

शुद्धीकरण

पर्वती, वारजे, वडगाव, लष्कर अशा केंद्रांत क्रम ठरलेला असतो: तुरटी किंवा पॅक (पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड) मिसळणे, गाळ बसवणे, वाळूच्या थरातून गाळणे, क्लोरिन. खरी कसोटी पावसाळ्यातली. पहिल्या मोठ्या सरीनंतर धरणाचे पाणी काही तासांत गढूळ होते आणि कालची तुरटीची मात्रा आज पुरत नाही. अशा वेळी दर पाळीत जार टेस्ट करावी लागते. सहा भांड्यांत वाढत्या मात्रा टाकून ढवळायचे, थांबायचे, आणि सर्वांत कमी मात्रेत ज्या भांड्याची निवळी स्वच्छ दिसते ती मात्रा घ्यायची. अंदाजाने जास्त तुरटी टाकली तर पाण्याची आम्लता वाढते आणि बारीक कण फिल्टरवर जातात. फिल्टरमधला दाबाचा ऱ्हास (पाण्याच्या उंचीत मोजलेला) १.८ ते २ मीटरपर्यंत पोचला की बॅकवॉश घ्यायचा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुवायची. तो लांबवला की वाळूत चिखलाचे गोळे होतात, आणि पुढचे पाणी वाळूतून न गाळता भेगांतून निघते. गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजण्याचे एकक) आत हवा, कारण कणांआड दडलेल्या जंतूपर्यंत क्लोरिन पोचत नाही.

गुरुवारचे बंद आणि शुक्रवारची सकाळ

‘गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने’ हे वाक्य पुणेकरांना पाठ आहे. दुरुस्तीसाठी पंप थांबवावे लागतात, हे खरे. पण नळाच्या दृष्टीने धोक्याची वेळ बंदची नसते, पुन्हा सुरू करण्याची असते.

नळ दाबाखाली भरलेला असेल तर सांध्याच्या फटीतून पाणी बाहेर जाते. नळ रिकामा झाला की उलट घडते. उताराकडचे पाणी निघून जाताना मागे पोकळी होते आणि त्याच फटीतून बाहेरचे पाणी आत खेचले जाते. जुन्या पेठांत जलवाहिनी आणि ड्रेनेजची लाइन अनेक ठिकाणी हातभर अंतरावर आहेत, काही घरगुती जोडण्या तर चेंबरमधूनच गेलेल्या आहेत. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की आत ओढण्याचा जोर आणखी वाढतो. पाणी ठरावीक तास येते अशा शहरात हा प्रकार फक्त गुरुवारी नव्हे, रोज घडत असतो. चोवीस तास पुरवठ्याचे पहिले कारण सोय नसून आरोग्य आहे, ते यामुळे. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे १४१ विभाग पाडून टाक्या, नवे नळ आणि मीटर यांची आखणी झाली, ती याच तत्त्वावर.

नळ परत भरताना उंचावरचे एअर व्हॉल्व्ह आधी तपासावेत. अडकलेली हवा कोपऱ्यात दबते आणि सांधा उडवते. मुख्य व्हॉल्व्ह थोडा उघडून रिकामा नळ सावकाश भरायचा, एअर व्हॉल्व्हमधून हवेऐवजी पाणी येऊ लागले की पुढे उघडायचा. सखल भागातला वॉशआउट (नळ रिकामा करण्याचा व्हॉल्व्ह) उघडून पहिले गढूळ पाणी बाहेर काढायचे, आणि शेवटच्या टोकाच्या नळाला क्लोरिन दिसेपर्यंत तपासणी थांबवायची नाही. व्हॉल्व्ह किती आट्यांनी उघडायचा, हे बहुधा चावीवाल्याच्या हाताला ठाऊक असते, नोंदवहीत नसते. तो निवृत्त झाला की ते ज्ञान जाते. प्रत्येक व्हॉल्व्हचा क्रमांक, पूर्ण आट्या, उघडण्याची दिशा आणि शेवटच्या वापराची तारीख लिहून ठेवायला पैसा लागत नाही. तरीही हेच काम सर्वांत जास्त मागे पडते.

क्लोरिनची तपासणी

ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरिन शिल्लक असावा, अशी भारतीय मानकाची (आयएस १०५००) अट आहे. केंद्रावर कितीही टाकला तरी लांब नळात आणि सोसायटीच्या न धुतलेल्या टाकीत तो संपतो. म्हणून नमुना टाकीचा नव्हे, थेट नळाचा घ्यायचा, आणि तो विभागाच्या टोकाचा असला पाहिजे.

ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टमध्ये नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकतात आणि पिवळा रंग तक्त्याशी जुळवतात. त्यात एक बारकावा आहे. मुक्त क्लोरिनचा रंग काही सेकंदांत उमटतो, मैलापाण्यातल्या अमोनियाशी बांधलेल्या क्लोरिनचा सावकाश चढतो. त्यामुळे रंग लगेच वाचायचा. पाच मिनिटांनी पाहून ‘पिवळे आले’ असे लिहिले, तर मैलापाणी मिसळलेला नमुनाही पास होतो. ओटीचे औषध आरोग्याला घातक असल्याने गुलाबी रंग देणारी डीपीडी गोळी अधिक चांगली.

विहिरीवर किंवा टँकर भरणा केंद्रावर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) वापरतात. ताजी, ३३ टक्के क्लोरिनची पावडर १,००० लिटरला ५ ग्रॅम टाकली तर मात्रा सुमारे १.६५ मिलिग्रॅम प्रतिलिटर होते. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी पाण्यात ओतायची आणि किमान अर्धा तास थांबायचे. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पोत्यातली ताकद झपाट्याने उतरते. मात्रा बरोबर आणि पावडर मेलेली, ही चूक नोंदवहीत कधीच दिसत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गीयाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला. यांतली काही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. यांतल्या बऱ्याच भागाला शुद्धीकरण केंद्राचे नव्हे, तर विहिरीचे क्लोरिन टाकलेले पाणी मिळत होते. गाव हद्दीत घेतल्याच्या दिवसापासून त्याच्या नळाची जबाबदारी येते. जलवाहिनी पोचायला वर्षे लागणार असतील, तर मधल्या काळात तिथे तपासणी शहराहून अधिक वेळा व्हायला हवी.

गळती

६ मिलिमीटरच्या भोकातून २० मीटर पाण्याच्या उंचीएवढ्या दाबाखाली दिवसाला सुमारे २९,००० लिटर पाणी जाते. माणशी १३५ लिटर धरले तर ते दोनशेहून अधिक माणसांचे पाणी होते. रस्त्यावर कारंजे उडते ती गळती तासाभरात कळते आणि दुरुस्त होते. खरे नुकसान करते ती मुरमात मुरणारी, वर्षानुवर्षे न दिसणारी. विभागाच्या तोंडाला मीटर असेल तर पहाटे २ ते ४ दरम्यानचा प्रवाह पाहायचा. त्या वेळी बहुतेक घरे झोपलेली असल्याने जे वाहते ते मुख्यतः गळती असते. पुण्यात मात्र सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्या रात्रीच भरतात, म्हणून त्यांचा प्रवाह वेगळा मोजून वजा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. त्यानंतर रात्रीच्या शांततेत व्हॉल्व्हवर काठी टेकवून कान लावायचा. सर्वाधिक गळती मुख्य नळात नव्हे, तर फेरूलपासून (मुख्य नळाला घरगुती जोडणी जिथे बसवतात तो तुकडा) घरापर्यंतच्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) नळीत सापडते.

घरगुती पाणीपट्टी दीर्घकाळ मिळकत कराच्या बिलातून, करपात्र मूल्यावर आकारली गेली. त्यात वापराचा संबंध येत नाही. मीटर लागला की गरीब वस्तीवर भार पडेल, ही भीती अस्थानी नाही. तिचे उत्तर मूलभूत वापराला स्वस्त टप्पा आणि त्यापुढे चढा दर, हे आहे. दर वर्षानुवर्षे गोठवले की आधी देखभाल थांबते, आणि तिचा त्रास टँकर परवडत नाही त्यालाच आधी होतो.

मैलापाणी

पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के मैलापाणी होऊन परत येते. पुण्यातल्या मोठ्या मलवाहिन्या बऱ्याच ठिकाणी ओढ्या-नाल्यांच्या काठाने किंवा पात्रातूनच गेल्या आहेत, कारण उतार तिथेच मिळतो. त्यामुळे पूर आला की चेंबर फुटतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या आंबिल ओढ्याच्या पुरासारख्या घटनेनंतर ओढ्यातल्या चेंबरची तपासणी हे पहिल्या आठवड्याचे काम असते. सोसायटीने गच्चीचे पावसाचे पाणी ड्रेनेजला जोडले असेल, तर एका सरीत प्रवाह कित्येक पट वाढतो, सखल घरांत मैला उसळतो आणि प्रक्रिया केंद्रातले मैला खाणारे जिवाणूही वाहून जातात.

मलवाहिनीत दिवसातून एकदा तरी सेकंदाला ०.६ मीटर वेग मिळायला हवा, नाहीतर वाळू आणि तेलकट थर बसतात. तुंबलेली जागा शोधायला चेंबर एकामागून एक उघडतात: भरलेल्या आणि कोरड्या चेंबरच्या मधे अडथळा असतो. जेटिंगचा (जोराच्या पाण्याच्या झोताने साफ करणारा) होज कोरड्या, म्हणजे खालच्या चेंबरमधून वरच्या दिशेने सोडायचा. अडथळा सुटला की गाळ तिथेच सक्शनने उचलायचा, नाहीतर तो पुढच्या वळणावर पुन्हा बसतो.

माणसाला चेंबरमध्ये उतरवायचे नाही. हाताने मैला सफाईवर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवायची अशी सफाई गुन्हा ठरते, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. चेंबरमधल्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा कुजका वास तो थोडा असताना येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. ‘वास येत नाही, म्हणजे गॅस नाही’ या समजुतीने जीव गेले आहेत. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. कंत्राटदाराने नेमलेला कामगारही यंत्रणेचाच मानायचा, हे निविदेत स्पष्ट लिहावे लागते.

प्रक्रिया केंद्रे भैरोबा नाला, नायडू, विठ्ठलवाडी, मुंढवा, खराडी, बाणेर आदी ठिकाणी आहेत. मुळा-मुठा शुद्धीकरणासाठी जपानच्या जायका या विकास-सहकार्य संस्थेच्या कर्जातून (करार जानेवारी २०१६) ३९६ एमएलडी (दशलक्ष लिटर प्रतिदिन) क्षमतेच्या ११ नव्या केंद्रांची योजना आखली गेली. क्षमता कागदावर उभी राहिली तरी मैलापाणी तिथे पोचले पाहिजे. मधली लाइन जोडली नसेल, तर केंद्र अर्ध्या भाराने चालते आणि शेजारचा ओढा काळाच वाहतो. हवा देणाऱ्या टाकीत विरघळलेला ऑक्सिजन २ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास ठेवावा लागतो. वीज काही तास गेली तर जिवाणू गुदमरतात आणि ते पुन्हा वाढायला अनेक दिवस लागतात, म्हणून जनरेटरचे डिझेल ही चैन नाही. रोज एक लिटरच्या नळकांड्यात गाळ अर्धा तास बसू द्यायचा. तो वर तरंगत राहिला, तर बिघाडाची खबर प्रयोगशाळेच्या अहवालाआधी मिळते.

मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठची उपसा विहीर) नदीतले पाणी उचलून बेबी कालव्यात सोडतात, ते धरणातून घेतलेल्या जास्तीच्या पाण्याची शेतीला परतफेड म्हणून. बाकीचे मुळा-मुठेतून भीमेला आणि पुढे उजनीला जाते, जलपर्णीसकट. ही परतफेड मोजताना नुसते टीएमसी पुरत नाहीत. त्या पाण्यावर ऊस, भाजी आणि कालव्याकाठच्या विहिरी आहेत. जॅकवेलवर रोज नमुना घेऊन बीओडी (पाण्यातला सेंद्रिय घाण मोजणारा आकडा) आणि आतड्यातल्या जंतूंचे आकडे लाभक्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना कळवावेत, आणि केंद्र बंद पडले की पंपही त्याच पाळीत थांबवावेत.