टीबीच्या गोळ्या आणि पाच किलो तांदूळ

झारखंडमध्ये २०१९ साली टीबीच्या एका मोठ्या अभ्यासाला सुरुवात झाली. नोंदणीच्या वेळी रुग्णांची वजनं घेतली, तेव्हा पुरुषांचं सरासरी वजन भरलं ४३ किलोच्या आसपास आणि बायकांचं ३६. दर पाचांतले चार जण कुपोषित होते. आता टीबी माणसाला खंगवतोच, त्यामुळे यात नवल काय, असं कुणीही म्हणेल. टीबीच्या संशोधनातली खरी अडचण इथेच आहे. माणूस टीबीमुळे वाळला, की आधीच वाळलेला होता म्हणून त्याला टीबीनं गाठलं?

टीबीचे जंतू शरीरात शिरले म्हणजे आजार झाला, असं नाही. जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी या जंतूंचा संसर्ग झालेला आहे, असा अंदाज आहे. त्यांतल्या शेकडा पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांच्या फुप्फुसात पांढऱ्या पेशी जंतूंभोवती गाठ बांधून त्यांना कोंडून ठेवतात. ही कोंडी टिकवण्याचं काम टी-पेशींचं, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्याच एका प्रकाराचं. एचआयव्हीत त्या कमी होतात आणि टीबी उफाळतो, हे आपण ऐकलेलं असतं. पुरेशी प्रथिनं आणि उष्मांक मिळाले नाहीत तरी त्याच पेशी दुबळ्या होतात, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातल्या सुमारे २२ लाख नव्या रुग्णांच्या टीबीमागे कुपोषण होतं. एचआयव्ही, दारू, तंबाखू, मधुमेह या प्रत्येकाचा वाटा याहून बराच कमी आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन छावण्यांमधली एक नोंद प्रसिद्ध आहे. ब्रिटिश आणि रशियन युद्धकैदी एकाच छावणीत राहत होते. ब्रिटिशांना रेडक्रॉसकडून खाण्याची जादा पुडकी यायची, रशियनांना काही नाही. ब्रिटिशांमध्ये टीबीचं प्रमाण शेकडा एकाच्या आसपास राहिलं, रशियनांमध्ये ते शेकडा पंधराच्या वर गेलं. अर्थात रशियनांना वागणूकही जास्त क्रूर मिळत होती, तेव्हा हा काही काटेकोर पुरावा नव्हे.

औषधं येण्यापूर्वी डॉक्टरांच्या हाती विश्रांती, मोकळी हवा आणि दूध-अंडी एवढंच होतं. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी सॅनेटोरियम त्याच काळातली. मग औषधं आली आणि १९५६ मध्ये मद्रासला एक ऐतिहासिक प्रयोग झाला. जेमतेम दोनशे गरीब रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, चांगल्या खाण्यापिण्यात. दुसरा आपापल्या खुराड्यासारख्या घरात, जे शिजेल ते खाऊन. औषधं दोघांना तीच. वर्षअखेरीस दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखं निघालं, जरी घरच्या रुग्णांचं वजन कमी वाढलं होतं. या निकालानं सॅनेटोरियमची सद्दी संपवली. गरिबाला घर आणि मजुरी सोडून महिनोन्‌महिने पडून राहावं लागेना, हा त्याचा फार मोठा फायदा.

पण त्या निकालातून सोयीस्कर अर्थही काढला गेला: गोळ्या असल्या की ताटाची काळजी नको. मद्रासचा प्रश्न होता, औषधं घेणारा रुग्ण घरी बरा होतो का? त्याच्या घरातल्या बाकीच्यांना टीबी होऊ नये म्हणून खाणं उपयोगी पडतं का, हे त्यात तपासलेलंच नव्हतं. ते तपासायला पुढे साठ वर्षं जावी लागली, आणि माझ्या मते ही दिरंगाई विज्ञानाची कमी आणि धोरणाची जास्त होती.

तो अभ्यास म्हणजे झारखंडचाच. मंगळुरूचे डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेसोबत तो चार जिल्ह्यांत केला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं त्यात होती. सगळ्या रुग्णांना तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. फरक घरच्यांमध्ये केला. निम्म्या केंद्रांत रुग्णाच्या कुटुंबातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, उरलेल्या केंद्रांत कुटुंबाला जादा काही नाही.

निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या घरांत नव्या टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरलं. फुप्फुसाच्या, म्हणजे दुसऱ्याला लागणाऱ्या टीबीत तर ही घट ४८ टक्के होती. हा परिणाम लसीचा किंवा नव्या औषधाचा असता तर वर्तमानपत्रांनी पहिलं पान दिलं असतं. शिवाय दुसऱ्या गटातल्या रुग्णांनी आपला शिधा मुलाबाळांसोबत वाटून खाल्ला असेलच. घरात एकट्यानं कोण जेवतं? त्यामुळे खरा फरक मोजलेल्याहून मोठा असण्याचीही शक्यता आहे. रुग्णांच्या बाबतीत आढळलं ते असं: पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. ४० किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे दोन किलो. अर्थात ज्यांचा आजार मुळात सौम्य होता त्यांचं वजनही लवकर वाढलं असणार, म्हणून या आकड्याकडे पहिल्याइतक्या खात्रीनं बघता येत नाही.

संशोधकांच्या हिशेबानं साधारण ३० घरांना असा शिधा दिला की एक नवा रुग्ण टळतो.

केंद्र सरकारच्या निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून टीबीच्या रुग्णाला महिन्याला ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पैसे थेट बँक खात्यात येतात. झारखंडमध्ये पैसे नव्हे, धान्य दिलं होतं. खात्यातले हजार रुपये डाळ होऊन पातेल्यात पडतात की उधारीत जातात, हे त्या अभ्यासातून कळत नाही. शिवाय हे पैसे रुग्णाच्या नावावर येतात. घरच्यांसाठी २०२४ पासून ‘निक्षय मित्र’ उपक्रमातून शिधा देण्याची सोय आहे, पण हे मित्र म्हणजे स्वेच्छेनं पुढे येणारे दाते. ज्या गावात असा दाता नाही, तिथे रुग्णाच्या शेजारी झोपणाऱ्या पोराला आजही काही मिळत नाही.