नाट्यशिक्षण, विद्यापीठीय

नाट्यवाङ्मय, रंगभूमीचा इतिहास आणि प्रत्यक्ष प्रयोग यांचा एकत्र अभ्यास करून विद्यापीठाची पदवी मिळवण्याची शिक्षणपद्धती. नाट्यविद्यालयातील शिक्षणाहून ती वेगळी धरली जाते. नट, दिग्दर्शक व तंत्रज्ञ घडवणे हे नाट्यविद्यालयाचे मुख्य काम असून शिक्षणाअंती पुष्कळदा पदविका मिळते. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय (स्थापना 1959) हे त्याचे परिचित उदाहरण. विद्यापीठात प्रयोग उभा करावा लागतोच, शिवाय त्याविषयी पुराव्यानिशी लिहावेही लागते. अनेक नाट्यविद्यालये आता पदव्या देतात, त्यामुळे ही सीमारेषा पूर्वीइतकी ठळक राहिलेली नाही.

उगम : पहिली नाट्यपदवी कोणत्या विद्यापीठाची, याचे उत्तर नाट्याचा अभ्यास कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. स्वतंत्र अध्यासन हा निकष लावला, तर अमेरिकेपुरता मान कोलंबिया विद्यापीठाकडे जातो. ब्रँडर मॅथ्यूज हे तेथे 1900 च्या सुमारास नाट्यवाङ्मयाचे प्राध्यापक झाले. त्यांचा विषय कागदावर वाङ्मयाचा असला, तरी जुन्या रंगमंचांच्या प्रतिकृती जमवून त्यांनी विद्यापीठात नाट्यसंग्रहालय उभारले, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. जॉर्ज पिअर्स बेकर यांनी हार्वर्डमध्ये चालवलेला नाट्यलेखनाचा वर्ग आणि त्याला जोडून 1912 मध्ये सुरू केलेली कार्यशाळा हा पुढचा टप्पा. लिहिलेला प्रवेश रंगमंचावर करून पाहायचा आणि मग दुरुस्त करायचा, ही तिची रीत. अमेरिकी नाटककार यूजीन ओनील हे बेकर यांचे विद्यार्थी. हा अभ्यास पदवीच्या चौकटीत मात्र आला नाही आणि 1925 मध्ये बेकर येलला गेले. नाट्य हाच पदवीचा विषय, हा निकष लावल्यास पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रसंस्थेत 1914 मध्ये सुरू झालेला विभाग आधीचा ठरतो. अमेरिकी लेखनात बहुधा त्यालाच पहिला मानतात आणि पदवीचा विचार करता ते रास्त आहे.

जर्मन परंपरेचा दावा निराळा आहे. बर्लिनचे नाट्यसंशोधक माक्स हेरमान यांच्या मते नाट्याच्या अभ्यासाचा विषय संहिता नसून प्रयोग हा आहे. संहिता हा त्या प्रयोगाचा एक पुरावा. जर्मन नाटककार हान्स झाक्स (1494–1576) याची नाटके न्यूरेंबर्गच्या मार्था चर्चमध्ये कशी झाली असतील, याची त्यांनी 1914 च्या ग्रंथात मापांसह पुनर्रचना केली. नट कोठून येई, मंचाची उंची किती, पडदा कोठे, हे सारे त्यांनी वास्तूची मोजमापे आणि संहितेतील रंगसूचना ताडून ठरवले. लाइपझिगच्या आल्बर्ट क्योस्टर यांनी 1920 मध्ये या पुनर्रचनेला आव्हान दिले आणि हेरमान यांनी 1923 मध्ये प्रत्युत्तर छापले. वाद रंगमंचाच्या जागेचा आणि रचनेचा होता. हेरमान यांची मापे आज जशीच्या तशी कोणी स्वीकारत नाही. पण वाद मापांचा झाला, यातच नव्या विद्याशाखेची ओळख ठरली. 1923 मध्येच बर्लिन विद्यापीठात नाट्यविज्ञानाची संस्था निघाली. 1933 मध्ये नाझी राजवटीने हेरमान यांना पदावरून दूर केले. 1942 मध्ये टेरेझिनच्या छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला.

ब्रिटनमध्ये पहिला विभाग ब्रिस्टलचा. त्याचे स्थापनावर्ष कोठे 1946, कोठे 1947 असे दिले जाते. शैक्षणिक वर्ष दोन सनांत विभागले जात असल्याने ही तफावत पडली असावी. भारतातील विभागांपैकी चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील विभाग पंजाबी नाटककार बलवंत गार्गी यांच्या नावाशी जोडलेला आहे. अमेरिकी दिग्दर्शक व अभ्यासक रिचर्ड शेक्नर यांच्या प्रभावाखाली न्यूयॉर्क विद्यापीठातील विभागाने 1980 मध्ये, तर वाचिक सादरीकरणाच्या जुन्या परंपरेतून आलेल्या नॉर्थवेस्टर्नमधील विभागाने 1984 मध्ये 'प्रयोग-अभ्यास' या अर्थाचे नाव घेतले. तेव्हापासून विधी, क्रीडा, मिरवणूक हेही अभ्यासाच्या कक्षेत आले. यामुळे विषय पातळ झाला, हा आक्षेप अजून पुरता मिटलेला नाही.

अभ्यासक्रम : पदवी तीन किंवा चार वर्षांची असते. चार वर्षांच्या अमेरिकी पद्धतीत दोन प्रकार दिसतात : कला शाखेच्या सर्वसाधारण पदवीत नाट्यविषयांचा वाटा ढोबळमानाने एक-तृतीयांश, तर ललित कलेच्या पदवीत दोन-तृतीयांश. युरोपीय श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत वर्षाला 60 श्रेयांक असून एका श्रेयांकामागे 25 ते 30 तासांचे काम धरतात. म्हणजे 20 श्रेयांकांची निर्मिती कागदावर 500 ते 600 तासांची होते. तालमी, पाठांतर, नेपथ्य उभारणे, ते उतरवणे आणि शेवटचा अहवाल हे सारे त्यातच बसवायचे असते. बहुतेक वेळापत्रके नेपथ्य उतरवण्याचे तास मोजायला विसरतात आणि तो भार त्याच आठवड्यात द्यायच्या निबंधावर पडतो.

पहिल्या वर्षी आवाज, देहबोली, संहितेचे विश्लेषण, रंगभूमीचा इतिहास आणि रंगमंच-तंत्र हे विषय सर्वांना असतात. दिग्दर्शन, नाट्यलेखन किंवा नेपथ्य यांतील निवड बहुधा पुढच्या वर्षांत होते.

तंत्राच्या वर्गात नेपथ्याचा आराखडा 1:25 या प्रमाणात काढायला शिकवतात. फूट-इंच वापरणाऱ्या देशांत अर्ध्या इंचाला एक फूट, म्हणजे 1:24. ही दोन प्रमाणे जवळची असल्यामुळेच घातक आहेत. 1:24 च्या आराखड्यावर 1:25 ची मोजपट्टी ठेवली, तर 6 मीटरची भिंत 6.25 मीटर भरते आणि दाराची चौकट विंगेत घुसते. हाच आराखडा तालमीच्या खोलीत जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने उतरवतात. मापे खोलीच्या भिंतींपासून घेऊ नयेत, कारण त्या क्वचितच काटकोनात असतात. मंचाची मध्यरेषा आणि पुढची आडवी रेषा आधी आखून सर्व बिंदू त्यांवरून मोजावेत. चिकटपट्टी उंची दाखवत नाही. त्यामुळे पायऱ्या आणि चौथरे असलेल्या दृश्यातील हालचाली खऱ्या मंचावर पहिल्याच दिवशी कोलमडतात. निदान पायऱ्यांचा तात्पुरता संच तालमीत लवकर आणणे हाच त्यावर उपाय.

प्रकाशयोजनेचा पाया अजूनही स्टॅन्ली मॅककँडलेस यांच्या पद्धतीवर घालतात. येलमध्ये शिकवताना त्यांनी ती मांडली आणि 1932 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. अभिनयक्षेत्राचे सुमारे अडीच ते साडेतीन मीटर व्यासाचे भाग पाडायचे. प्रत्येक भागावर समोरच्या डाव्या-उजव्या बाजूंनी, मध्यरेषेशी 45 अंशांचा कोन करून आणि वरूनही 45 अंशांत, दोन दिवे सोडायचे. एक उबदार छटेचा, दुसरा थंड. सहा भागांना बारा दिवे लागतात. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे प्रकाशाची वर्तुळे एकमेकांवर पुरेशी न चढवणे. चालणाऱ्या नटाचा चेहरा मग दर चार पावलांनी मावळतो. दिवा फार उभा लावला तर डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो, फार आडवा लावला तर मागच्या भिंतीवर सावली पडते. प्रेक्षक चारही बाजूंना असतील तेव्हा ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही, हे पाठ्यपुस्तके पुरेसे ठासून सांगत नाहीत.

निर्मिती : सत्रातील निर्मितीला सामान्यतः पाच ते सहा आठवडे मिळतात. पहिला आठवडा वाचनाचा, पुढचे दोन हालचाली बसवण्याचे. चौथ्याच्या सुरुवातीला संहिता हातातून सुटली पाहिजे; ती उशिरा सुटली की तांत्रिक तालमीत नट शब्द शोधतो आणि दिव्यांचे काम खोळंबते. रंगमंच-व्यवस्थापकाच्या प्रतीत संहितेचे पान एका बाजूला आणि हालचाली व क्यू (दिवे, ध्वनी इत्यादी बदलण्याच्या खुणा) लिहायला कोरे पान समोर असते. सर्व नोंदी पेन्सिलीने करतात. क्यूला ओळीने क्रमांक देतात आणि मागाहून एखादा वाढला तर पुढचे सगळे न बदलता 12 आणि 13 च्या मध्ये 12.5 घालतात. क्यू नटाच्या उद्गाराला बांधला असेल तर उद्गारातला नेमका शब्द अधोरेखित करावा; नुसते 'वाक्याच्या शेवटी' असे लिहिलेले टिपण नटाने वाक्य बदलले की निरुपयोगी ठरते. तांत्रिक तालमीत मधले संवाद गाळून क्यूवरून क्यूवर जातात, मग रंगीत तालीम होते.

मूल्यमापन : प्रयोग समूहाचा आणि पदवी एकट्याची, ही या शिक्षणातील जुनी अडचण आहे. सर्वांना एकच गुण दिले तर कामचुकार तरतो. फक्त वैयक्तिक गुण दिले तर नट सहकाऱ्याला सांभाळण्याऐवजी परीक्षकाकडे तोंड करून उभा राहतो. म्हणून पुष्कळ विभाग समूहाचे आणि व्यक्तीचे गुण ठरावीक प्रमाणात मिळवतात आणि व्यक्तीच्या गुणांसाठी तालमींची दैनंदिनी व तोंडी परीक्षा घेतात. दैनंदिनी शेवटच्या रात्री एका बैठकीत लिहिलेली असली की ओळखू येते : तीत निर्णय असतात, टाकून दिलेले पर्याय नसतात. प्रयोग दोन परीक्षकांनी प्रत्यक्ष पाहावा असा संकेत आहे. बाहेरच्या परीक्षकासाठी चित्रीकरण ठेवतात, परंतु एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्यात मंचावरचा मंद प्रकाश अधिक काळवंडतो आणि आवाजाची फेक कळत नाही. त्यामुळे त्यावर एकट्यावर गुण देणे धोक्याचे.

पदव्युत्तर पातळीवर प्रयोगाधारित संशोधनाला काही देशांत मान्यता आहे. त्यात प्रबंधाची शब्दमर्यादा कमी करून प्रयोग आणि त्याचे दस्तऐवजीकरण सादर करावे लागते. संहिता, आराखडे, क्यूची यादी, छायाचित्रे आणि चित्रीकरण यांपैकी काय अनिवार्य, याचे नियम विद्यापीठागणिक बदलतात.